मानाचा फेटा आणि नेदरलँडची राजगादी: डेल्फ्ट, बुरेन, आपेलडोर्न

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या रेस्टॉरंटच्या भटारखान्याची चिमणी बदलायचं ठरलं आणि मला मंगळवार ते गुरुवार सुट्टी मिळाली. चार वर्षं मी नेदरलँडमधल्या हूफडॉर्पमध्ये तंदूर सांभाळतोय, पण सलग तीन दिवस हातात कधीच आले नव्हते. ट्यूलिपची शेतं फुलायला अजून महिना होता. मालक म्हणाले, "ब्रुसेल्सला जाऊन ये." मी मात्र राजेरजवाड्यांच्या तीन जागा बघायचं ठरवलं. त्याला घरगुती कारण होतं, ते आधी सांगतो. नाहीतर पुढचा संदर्भ लागायचा नाही.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. चैत्रातल्या जत्रेला गावाची सासनकाठी आमच्या घरातून निघते. सासनकाठी म्हणजे निशाण आणि तोरणं बांधलेला तीस-पस्तीस फुटी बांबू. एकजण तो पोटाशी धरून उचलतो आणि चार बाजूंनी चारजण दोर ताणून तोल सांभाळतात. काठीला पहिला हात लावायचा मान आमच्या घरातल्या थोरल्याचा. त्या दिवशी त्याच्या डोक्याला मानाचा फेटा असतो. गेली तीस वर्षं हा मान आबांकडे आहे. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. या वर्षी त्यांचे गुडघे पार गेले, आणि त्यांनी भावकीला सांगितलं, "मी फेटा उतरवतो. पुढचं ठरवा." आमच्यात जिवंतपणी कुणी फेटा उतरवल्याचं कुणाला आठवत नाही. आबांना मुलगा नाही. माझे वडील मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेले, तेव्हाच शिक्षणही सुटलं. म्हणजे पुढचा पुरुष मी. शुक्रवारी भावकीची बैठक होती आणि त्याआधी माझा होकार कळवायचा होता. दरवर्षी चैत्रात रजा मिळेल का, काठी माझ्याच्यानं पेलेल का, चारचौघांत हसं होईल का, या विचारांनी महिनाभर झोप धड लागत नव्हती. ज्यांच्याकडे गादी कायद्यानं आणि कागदोपत्री पुढे जाते, ते कसं करतात हे बघावं, असं मनात आलं. एवढंच कारण.

मंगळवार: डेल्फ्ट

हूफडॉर्पहून लायडनला गाडी बदलून डेल्फ्टला पोचायला तास धरा. सकाळी नऊनंतर निघालात आणि रेल्वेची सवलतीची वर्गणी घेतलेली असेल, तर तिकीट बरंच स्वस्त पडतं. मी नऊ वाजून पाच मिनिटांनी फलाटावरच्या खांबाला प्रवासाचं कार्ड लावलं. त्याआधी चार मिनिटं खांबापाशी नुसता उभा होतो.

डेल्फ्टच्या चौकात एका टोकाला नगरपालिकेची जुनी इमारत आहे आणि समोर 'नवं चर्च'. नाव नवं, पण चर्च शेकडो वर्षांचं. इथल्या राजघराण्यातली माणसं याच्या तळघरात पुरतात. तिकिटात जवळचं 'जुनं चर्च'ही बघता येतं. दर बदलत असतात, आदल्या दिवशी बघून घ्या. मनोऱ्यावर चढायचं तिकीट वेगळं आहे. जिना अरुंद आणि गोल फिरत जाणारा आहे. मी चढलो नाही.

आत घराण्याच्या मूळपुरुषाची संगमरवरी समाधी आहे. राजपुत्र आडवा निजलेला आणि पायाशी त्याचं कुत्रं. कुत्र्याच्या अंगावरचा केस न् केस कोरलाय. थोडं पुढे जमिनीत तळघराचं दार म्हणून एक भलीमोठी फरशी बसवली आहे. तिथं गळ्यात ओळखपत्र घातलेले एक आजोबा उभे होते. मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, "खाली जाता येतं का?"

"येतं की," ते म्हणाले. "पण आधी राजघराण्यात जन्म घ्यावा लागतो, आणि मग मरावं लागतं."

मी हसलो नाही, कारण विनोद आहे हे जरा उशिरा लक्षात आलं. मग आजोबांनीच अर्धा तास माहिती दिली. यातलं बरंच मी वहीत उतरवून घेतलं. इथल्या गादीच्या वारसाला 'ऑरेंजचा राजपुत्र' म्हणतात, मुलगी असेल तर राजकन्या. हे ऑरेंज गाव आहे फ्रान्समध्ये. ते संस्थान यांच्या हातून कधीच गेलं. तिथली वीतभर जमीनही यांची नाही. पदवी तेवढी राहिली.

"मग तिचा उपयोग काय?" मी विचारलं.

"उपयोग?" आजोबांनी खांदे उडवले. "पुढचा कोण, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. भांडण होत नाही."

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती ऐकून मी तिथल्या बाकावरच बसलो. सध्याच्या राजाच्या आधी तीन राण्या होऊन गेल्या, आणि तिघींनीही हयातीतच गादी सोडली. एका कागदावर सही करायची. सही झाली की पुढचा राजा किंवा राणी.

"आणि जुन्या राणीचं काय होतं?"

"ती पुन्हा राजकन्या होते. म्हातारपणी."

चौकात बाकावर बसून डबा खाल्ला: दोन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. समोरच्या दुकानात चीजचे तुकडे चाखायला फुकट ठेवतात. दोन खाल्ले, तिसऱ्याला धीर झाला नाही. संध्याकाळी सहाला आर्नहेमला पोचलो.

आर्नहेमला मेघाताई राहते. आबांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, विजेच्या ग्रिडचं काम बघते. हॉटेलचा खर्च वाचला, आणि पुढचे दोन दिवस तिनं रजा टाकली होती. फेट्याचं तिला माहीत होतं. महिन्यापूर्वी फोनवर मी विषय काढला तेव्हा "तुझं तू बघ" एवढंच म्हणाली होती. त्या दिवशी तिनं पिठलं केलं होतं.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

"शेफसाहेब, इथं रेटिंग द्यायची सोय नाही. गप जेव."

बुधवार: बुरेन

आर्नहेमहून टीलला छोटी गाडी जाते. ही गाडी वेगळ्या कंपनीची आहे, तेव्हा कार्ड त्याच कंपनीच्या खांबाला लावा. मी तीनदा खात्री केली. ताई म्हणाली, "महेश, आता त्या खांबाला हळदकुंकू वाहा आणि चल."

टीलहून बुरेनला आम्ही भाड्याच्या सायकलींनी गेलो. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंनी सफरचंदांच्या आणि चेरीच्या बागा, झाडं अजून उघडी. वारा समोरून असेल तर पाऊण तास धरा. बसही आहे, पण तासाला एक. हातमोजे न्या. मी नेले होते, ताईनं नव्हते. त्यामुळे अर्ध्या वाटेत माझा एक हातमोजा तिच्या हातात गेला.

बुरेन केवढं आहे म्हणाल, तर तटावरून गावाला फेरी मारायला वीस मिनिटं पुरली. तटावर पवनचक्की, खाली ओढा, मधे चर्च. इथं काउंटचा, म्हणजे इथल्या जहागीरदाराचा, मोठा किल्ला होता, तो दोनशे वर्षांपूर्वी पाडून टाकला. आता एक शिळाही दाखवायला नाही. तरी नेदरलँडचा राजा आजही 'बुरेनचा काउंट' आहेच.

चर्चसमोरच्या कॅफेत अ‍ॅपल टार्ट आणि कॉफी घेतली. टार्ट खरोखर मोठा असतो, दोघांत एक पुरतो. कॅफे चालवणाऱ्या बाईंशी ताई डचमध्ये बोलत होती आणि मला मराठीत सांगत होती.

"विचार ना त्यांना, राजा इथं येतो का," मी म्हणालो.

बाई हसल्या. ताईनं सांगितलं, "म्हणतात, काउंट आमचा तोच, पण घरपट्टी आम्ही भरतो."

मग बाईंनी समोरच्या चर्चकडे बोट करून एक लांबलचक गोष्ट सांगितली. ताई ऐकत होती आणि मधेच मला सांगायचं थांबली. मी दोनदा विचारल्यावर म्हणाली, "इथल्या एका काउंटला एकच मुलगी होती. मुलगा नाही. सगळं तिला मिळालं, पदवीसकट. तिचं लग्न या समोरच्या चर्चमध्ये लागलं, तुझ्या कालच्या त्या कुत्रेवाल्या राजपुत्राशी. म्हणून बुरेन त्या घराण्यात आलं."

"म्हणजे मुलीकडून."

"म्हणजे मुलीकडून."

मला हे फार महत्त्वाचं वाटलं आणि मी वही काढली. याच वहीत मी आमच्या घराची कुलावळी, म्हणजे वंशावळ, तयार करत होतो. गावाकडे एक जीर्ण कागद आहे, त्याचा फोटो मागवून, पट्टीनं रेघा मारून, तीन आठवडे खपून सात पिढ्या मांडल्या होत्या. शुक्रवारी तिचाच फोटो बैठकीत दाखवणार होतो, कुणी शंका काढली तर हाताशी असावा म्हणून. अक्षर चांगलं आलं होतं. मी वही ताईपुढे सरकवली. तिला दाखवायची हौस होती, खोटं कशाला सांगू.

तिनं बोट फिरवत फिरवत सगळं वाचलं. "हे कोण? 'दादू, वय तीन महिने'?"

"पणजोबांचा भाऊ. लहानपणीच गेला. मूळ कागदावर आहे."

"छान. तीन महिन्यांचा दादू आहे." तिनं आबांच्या नावावर बोट ठेवलं. खाली रेघच नव्हती. मी तिथं दोन आडव्या रेघा मारून वंश संपल्याची खूण केली होती, मूळ कागदावर तशी पद्धत आहे म्हणून. "आणि मी कुठाय?"

सात पिढ्यांत एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. आणि जिच्या घरी काल पिठलं खाल्लं, जिचा पत्ता आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो, ती माझ्या लक्षातच आली नव्हती.

"जमिनीच्या वारस नोंदीत तू आहेस," मी म्हणालो. "मानाच्या कागदावर मुली घालत नाहीत..."

"माहीत आहे रे. रडू नको. टार्ट खा."

थोड्या वेळानं, बाहेर बघत, ती आपणहून बोलली. "आबांचा फेटा कोण बांधतं, माहितीय तुला?"

"गुरव."

"गुरव देवळापुढे शेवटचा पदर खोचतो, लोकांना दाखवायला. घरात मी बांधते. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते, तेव्हापासून. वीस हात कापड. आबा पाटावर बसतात आणि मी भोवती फिरते. इथं आले तरी सात वर्षं दर चैत्राला जातेय, कशाला वाटतं तुला? जिलेबी खायला?"

मला खरंच तसंच वाटत होतं. ती जत्रेला येते, लोक येतात तशी.

"तुला हवा होता का मान?"

"मला कुणी विचारलंय?" ती म्हणाली. "माझ्याआधी त्या तीन महिन्यांच्या दादूला विचारलं असतं."

परतताना वारा पाठीमागून होता. तिनं हातमोजा परत दिला नाही आणि मी मागितला नाही.

गुरुवार: आपेलडोर्न

आर्नहेमहून झुटफेनला गाडी बदलून आपेलडोर्न, आणि स्टेशनवरून राजवाड्यापर्यंत बस. राजवाड्याचं नाव हेट लो. सोमवारी बंद असतो. आता तिथं कुणी राहत नाही, संग्रहालय आहे. वर्षाचं म्युझियमकार्ड असेल तर वेगळं तिकीट लागत नाही. ताईकडे होतं, माझ्याकडे नव्हतं. वर्षातून चार-पाच जागा बघणार असाल तर घेऊन टाका. बाग फार सुंदर, पण मार्चमध्ये कारंजी बंद असतात आणि बरेचसे पुतळे झाकलेले. फोटोसाठी जाणार असाल तर मे-जूनमध्ये जा.

आतल्या खोल्या एकामागून एक आहेत. हळू चाला. पलंगाचे पडदे, भिंतींवरची कापडं, राजाची टेबलं, सगळं जिथल्या तिथं. मला जास्त लक्षात राहिली ती एका राणीची हकिकत. तिच्या वडिलांना, म्हणजे राजाला, मुलगा उरला नव्हता. ते वारले तेव्हा नेदरलँडची गादी या लहान मुलीला मिळाली. पण ते लक्झेंबर्गचेही अधिपती होते, आणि तिथल्या नियमात तेव्हा मुलगी बसत नव्हती. म्हणून लक्झेंबर्ग घराण्याच्या दुसऱ्या शाखेतल्या एका ड्यूककडे गेलं, ते कायमचं. मुलगी तीच, बाप तोच. एका ठिकाणी चालली, एका ठिकाणी नाही. पुढे म्हातारपणी तिनंही गादी मुलीला दिली आणि शेवटपर्यंत इथं याच राजवाड्यात राहिली.

"म्हणजे हे लोक पहिल्यापासून शहाणे नव्हते," मी म्हणालो.

"अजूनही पूर्ण नाहीत," ताई म्हणाली. "माझ्या ऑफिसात एक योंकफ्राऊ आहे. सरदार घराण्यातली मुलगी, तशी पदवी. नावाआधी लिहितात. पण पदवी मुलाकडूनच पुढे जाते, हिच्या पोरांना ती नाही. राजाची मुलगी राणी होते, आणि सरदाराच्या मुलीपाशी गाडी थांबते. मी तिला म्हटलं, तू आमच्या गावची शोभतेस."

बाहेर आल्यावर ती कॉफी आणायला गेली. मी बागेतल्या बाकावर बसलो. दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे गावाकडे साडेसहा. या वेळी आबा ओट्यावर असतात. मी फोन लावला. काय बोलायचं ते मी गाडीत चार ओळींत लिहून ठेवलं होतं, पण वही ताईच्या पिशवीत राहिली होती.

"बोल रं," आबा म्हणाले. "ठरलं का तुझं? उद्या बैठक हाय."

"आबा, माझा नंबर दुसरा आहे."

"पयला कोण?"

"मेघाताई."

फोनमध्ये शेजारच्या रेडिओचा आवाज येत होता.

"आरं, पोरीच्या जातीला..." आबा म्हणाले आणि थांबले. "तिनं सांगितलं व्हय तुला?"

"नाही. तिला माहीतही नाही मी फोन केलाय. आबा, इथल्या तीन राण्यांनी जिवंतपणी गादी सोडली. कागदावर सही केली आणि पुढच्याला दिली. त्यात दोघींनी मुलीला दिली. कुणी त्यांना काही बोललं नाही."

"आन् म्हातारीचं काय मग? घालवली घराबाहेर?"

"नाही. तिला परत राजकन्या म्हणतात."

आबांना हसू आलं. ते हसले की खोकतात. "म्हंजे मला परत बाळू म्हणणार तुम्ही."

"तुम्ही म्हणाल तसं."

"काठी उचलती का ती? जड आसती."

"मलाही उचलत नाही, आबा. उचलणारे गावात आहेत. आपला फक्त पहिला हात."

तेवढ्यात ताई दोन कप घेऊन आली. मी उठून फोन तिच्या कानाला लावला, कारण तिचे दोन्ही हात अडकले होते. पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. ती तशीच उभी राहिली, कपांतून वाफ येत होती. मग म्हणाली, "हो." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "हो आबा. पाहिजे." कॉफी थोडी सांडली. मग माझ्याकडे बघून, "काढ की फोन, कान दुखला."

निघताना राजवाड्याच्या दुकानात राजघराण्याच्या वंशावळीचं पुस्तक चाळलं. मुलामुलींची नावं शेजारी शेजारी, एकाच मापाच्या चौकटींत. घेतलं नाही, महाग होतं. चौकटी कशा आखल्यात तेवढं बघून घेतलं.

परत हूफडॉर्प

तीन दिवसांत प्रवास, तिकिटं आणि खाणं मिळून माझे दीडशे युरोच्या आत गेले. राहायला आर्नहेममध्ये बहीण नसेल तर दोन रात्रींचं भाडं वरून धरा. एकच जागा बघायला वेळ असेल तर डेल्फ्ट बघा. निवांतपणा हवा असेल तर बुरेन.

शुक्रवारची बैठक तीन तास चालली, असं आईनं फोनवर सांगितलं. भावकीतले एक लांबचे चुलते मधेच उठून गेले. एकजण म्हणाले, पोरगी परदेशात असते. आई म्हणाली, मग महेश काय मिरजेत असतो का? शेवटी आबा म्हणाले, "फेटा माझ्या डोक्यावर हाय. कुठं उतरवायचा ते मी बघतो." मान ताईला, पण ठरलं ते या वर्षापुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा बैठक. उठून गेलेले चुलते जत्रेला येतील की नाही, कुणी सांगू शकत नाही. मला एका दोराला उभं राहायचंय, आणि मालकांनी चैत्राची रजा मंजूर केली आहे.

कुलावळी नव्यानं आखतोय. पहिलं पान पुरलं नाही, दोन पानं चिकटवावी लागली. आईला विचारून विचारून अकरा मुलींची नावं मिळाली. पणजोबांच्या एका बहिणीला सगळे नुसतं 'आक्का' म्हणत, तिचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. तिची चौकट आखून पेन्सिलनं 'आक्का' लिहिलंय. कळलं तर शाईनं लिहीन. आबांच्या नावाखालच्या त्या दोन आडव्या रेघा नव्या पानावर नाहीत.

रविवारी ताईचा निरोप आला. "आबांच्या डोक्याला मी बांधायचे. माझ्या डोक्याला मी कशी बांधू? गुरवाला फक्त पदर खोचता येतो. शिकून घे."

बाजारातून वीस हात सुती कापड आणलंय. दुपारी भटारखाना रिकामा असतो तेव्हा डाळीच्या मोठ्या पातेल्यावर सराव करतो. पहिले सहा वेढे घट्ट बसतात, सातव्याला ढिला पडतो. जत्रेला अजून चार आठवडे आहेत.